वडिलांच्या मधुमेहासाठी मोबाइल ॲप: कोणते घ्यावे, आणि त्यात काय नोंदवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. त्यांचे वय ६१, मधुमेहाला १४ वर्षे झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या सुरू आहेत, रात्री १४ युनिट इन्सुलिन घेतात, तरीही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ८.९ टक्के आली. वडिलांकडे स्मार्टफोन आहे. त्यावर ॲप टाकून दिले तर साखर आटोक्यात येईल का, ‘सहा महिन्यांत इन्सुलिन बंद’ असे सांगणाऱ्या एका ॲपचे वार्षिक शुल्क भरावे का, आणि ते नको असेल तर दुसरे कोणते घ्यावे, असे मुलाने विचारले आहे. गेली २२ वर्षे मी नाशिकमध्ये मधुमेहाचे रुग्ण तपासत आहे आणि हाच प्रश्न आता आठवड्यातून दोन-तीनदा समोर येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मूळ मुद्दा. ॲपने साखर कमी होत नाही. ॲपमध्ये नोंदवलेला आकडा कोणीतरी वाचतो आणि तो वाचून गोळीचा डोस, जेवणाची वेळ किंवा ताटातले प्रमाण बदलतो, तेव्हा साखर कमी होते. हे माझे केवळ मत नाही. २०१६ साली ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात १४ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेह असलेल्या ज्या लोकांनी मोबाइल ॲप वापरले, त्यांची एचबीए१सी इतरांपेक्षा सरासरी ०.४९ ने जास्त उतरली होती. अर्धा टक्का ही लहान गोष्ट नव्हे, एखाद्या नव्या गोळीनेही अनेकदा एवढाच फरक पडतो. मात्र ज्या ॲपमागे डॉक्टर किंवा परिचारिका नोंदी पाहून सल्ला देत होत्या, तिथे हा परिणाम अधिक दिसला. याच्या उलट, आपल्याच देशात हरियाणा आणि कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावाच्या मोबाइल प्रणालीची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्या प्रणालीचा वेगळा फायदा दिसला नाही. आणि चेन्नईच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांपैकी ज्यांना दोन वर्षे नियमित साधे एसएमएस पाठवले गेले त्यांच्यात १८ टक्क्यांना मधुमेह झाला, आणि ज्यांना ते पाठवले नाहीत त्यांच्यात २७ टक्क्यांना. तिथे ना आलेख होते ना कॅमेरा. वेळेवर आलेला समजेल असा निरोप एवढेच साधन होते. म्हणून ॲप किती आकर्षक आहे यापेक्षा त्यातल्या नोंदी कोण, किती दिवसांनी वाचणार आहे, हे आधी ठरवा.

नोंदींनी काय साधते ते एका उदाहरणावरून सांगतो. दिंडोरी तालुक्यातील एक बागायतदार माझ्याकडे येतात. उपाशीपोटीची साखर १२०च्या आसपास, पण एचबीए१सी ८.६. दर भेटीला हीच विसंगती दिसायची आणि आम्ही जेवणाला दोष देत होतो. मुलाने त्यांचा ग्लुकोमीटर ब्लूटूथने फोनला जोडून दिला, त्यामुळे प्रत्येक तपासणी आपोआप तारीख-वेळेसह फोनमध्ये उतरू लागली. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते. बारा दिवसांच्या नोंदींत संध्याकाळी पाचच्या सुमाराचे तीन आकडे होते: ६१, ६६ आणि ५८. तिन्ही दिवस छाटणीचे मजूर बागेत होते आणि दुपारचे जेवण तीनच्या पुढे गेले होते. त्याच तीन दिवशी रात्री जेवणानंतरची साखर २६०च्या वर होती, कारण संध्याकाळी हातपाय थरथरल्यामुळे ते घाबरून गूळ खात आणि रात्री दोन भाकऱ्या जास्त घेत. म्हणजे त्यांची वाढलेली साखर दुपारी घसरलेल्या साखरेतून येत होती. केवळ एचबीए१सी पाहून मी डोस वाढवला असता, तर त्यांचे नुकसान झाले असते. आम्ही सकाळची ग्लिमेपिराइड कमी केली, छाटणीच्या दिवसांत दुपारी एक वाजता बागेतच डबा खायचा असे ठरवले, आणि रात्रीचे आकडे खाली आले. हे त्या ॲपने सांगितले नव्हते. ॲपने फक्त वेळ खरी ठेवली होती.

वेळ आणि आकडा खरा राहणे ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांना, त्यांना न सांगता, आकडे साठवून ठेवणारे मीटर दिले गेले आणि नंतर त्यांच्या वहीशी ताडून पाहिले. वही आणि मीटर जुळत नव्हते, वहीतले आकडे अधिक चांगले होते. सून आकडे भरून घेते म्हणून पंचवटीतील एक आजी दर महिन्याला ॲपमध्ये ११०, ११२, १०८ असे आकडे दाखवत. एकदा मी त्यांचा मीटर हातात घेऊन मागचे आकडे उलट क्रमाने पाहिले, तर २४३, २६७, २३१. त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळत सांगितले की, वाईट आकडा सांगितला की घरात सगळे रागावतात. मी सुनेला आणि मुलाला त्याच वेळी आत बोलावले आणि एकच विनंती केली की, तीन महिने कोणत्याही आकड्यावर घरात काही बोलायचे नाही, तो फक्त मला दाखवायचा. पुढच्या वेळी आकडे खरे आले आणि औषधही योग्य देता आले. तुमच्या घरीही हे लागू आहे. वडिलांच्या फोनमधला आकडा तुमच्या फोनवर दिसण्याची सोय अनेक ॲपमध्ये असते आणि मुलांना ती फार आवडते. पण कारखान्यात बसून ‘दादा, आज काय खाल्लंत?’ असा फोन दर वेळी जाऊ लागला, तर आठ दिवसांत तपासणी बंद होईल. ती सोय फक्त साखर ७०च्या खाली गेल्याचा निरोप येण्यापुरती ठेवा.

आता त्या ‘सहा महिन्यांत इन्सुलिन बंद’ ॲपबद्दल. मधुमेह औषधाविना नियंत्रणात येऊ शकतो, हे खरे आहे. त्याला ‘रेमिशन’ म्हणतात, आणि औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिली तर ते मानले जाते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत काटेकोर कमी उष्मांकाच्या आहाराने वजन उतरवलेल्या लोकांपैकी ४६ टक्के जणांना एका वर्षात ते साधले. परंतु त्या चाचणीत सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्सुलिन सुरू नसलेल्या लोकांनाच घेतले होते. तुमच्या वडिलांच्या आजाराला १४ वर्षे झाली आहेत. इतक्या काळात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची क्षमता बरीच कमी झालेली असते. त्यांचे वजन कमी झाले तर इन्सुलिनचे युनिट कमी होऊ शकतील, आणि तसे झाल्यास मला आनंदच होईल. पण फोनवरून बोलणाऱ्या, वडिलांना न तपासलेल्या कोणत्याही प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून इन्सुलिन थांबवू नका. अशा रुग्णांना पुढे ४००-४५० साखर घेऊन, कोरड्या जिभेने आणि धापा टाकत दाखल होताना मी पाहिले आहे. शुल्क भरू नका, असे मी स्पष्ट सांगतो. तेच पैसे तपासणीच्या पट्ट्यांवर खर्च करा. एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते.

इन्सुलिनचा डोस काढून देणाऱ्या ॲपबद्दल मला याहूनही कडक बोलावे लागेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशी ४६ ॲप तपासली गेली. त्यांतील ६७ टक्के ॲप चुकीचा डोस सुचवण्याची शक्यता होती, आणि ९१ टक्के ॲपमध्ये भरलेला आकडा शक्य कोटीतला आहे की नाही हे तपासण्याची सोयही नव्हती. तेव्हापासून काही ॲप सुधारली, काहींना वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, आणि भारतातही १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली आले. तरी जेवणागणिक इन्सुलिन घेणाऱ्या आणि कर्बोदके मोजायला शिकलेल्या रुग्णाने, डॉक्टरांनी ठरवून दिलेले गुणोत्तर (किती ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन) स्वतः भरून वापरायचे ते साधन आहे. रात्री एकदाच इन्सुलिन घेणाऱ्या वडिलांना त्याची गरज नाही.

मग ॲपमध्ये काय असावे? ते मराठीत वाचता यावे, अक्षर मोठे करता यावे, इंटरनेट नसताना नोंद करता यावी, मीटरमधून आकडा आपोआप यावा, आणि दोन आठवड्यांच्या नोंदी एका पानावर पीडीएफ करून पाठवता याव्यात. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी असल्या तर बाकीचे मी सोडून देईन. अनेक मीटर कंपन्यांचे स्वतःचे विनाशुल्क ॲप असते, तेवढे पुरते. सुरुवातीलाच एकक तपासा. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, पण परदेशी ॲप कधी मिलिमोलवर असते. त्या पडद्यावर ११.२ दिसले तर ते आपले २०२ आहे, कारण त्याला १८ ने गुणावे लागते. ॲप संपर्कयादी किंवा ठिकाण पाहण्याची परवानगी मागत असेल तर ती नाकारा. २०१६ मध्ये अँड्रॉइडवरील २११ मधुमेह ॲपची पाहणी झाली, तेव्हा ८१ टक्के ॲपचे गोपनीयता धोरणच नव्हते. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे, पण एकदा दिलेली माहिती परत मिळवण्यापेक्षा ती न देणे सोपे आहे.

ॲपने दाखवलेला आकडा बोटावरच्या थेंबापेक्षा अधिक खरा असू शकत नाही, आणि द्राक्षाच्या गावात हे आवर्जून सांगावे लागते. २०११ साली जपानी संशोधकांनी निरोगी माणसांना द्राक्षे, संत्री, किवी ही फळे सोलायला देऊन हात न धुता साखर तपासली, तर मीटरवर मधुमेह वाटावा असे आकडे आले. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही चूक पूर्ण गेली नाही, नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर गेली. काढणीच्या दिवसांत, जानेवारी ते एप्रिल, वडिलांचा एखादा आकडा अचानक ३००च्या वर दिसला तर आधी साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासा. शिवाय मान्यताप्राप्त मीटरलाही १००च्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा असते. त्यामुळे १४० आणि १५० यांत भेद मानू नका.

मनगटी घड्याळ किंवा अंगठी सुई न टोचता साखर सांगते, अशी जाहिरात दिसली तर ती विकत घेऊ नका. अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही मात्र वेगळी आणि विश्वासार्ह गोष्ट आहे. तो त्वचेखालच्या द्रवातील साखर मोजतो, म्हणून रक्तापेक्षा सुमारे ५ ते १५ मिनिटे मागे असतो. रात्री त्याच कुशीवर झोपले तर दाबामुळे खोटी कमी साखरही दाखवतो. १४ दिवसांचा एक सेन्सर काही हजार रुपयांना पडतो, तो कायमचा लावण्याची वडिलांना गरज नाही. पण वर्षातून एकदा, शक्यतो छाटणीच्या काळात, लावून पाहिला तर रात्री दोन-तीन वाजता साखर घसरते का ते कळेल. त्यात ७० ते १८० या टप्प्यात दिवसाचा ७० टक्के वेळ राहावा आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांपेक्षा कमी वेळ जावा, असे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे.

आहार मोजणाऱ्या ॲपबद्दल माझा अनुभव फारसा चांगला नाही. ‘भाकरी, एक’ असे लिहिले की ॲप एक ठरावीक आकडा देते, पण निफाडच्या घरातली ज्वारीची भाकरी आणि शहरातली पातळ भाकरी यांत दुपटीचा फरक असू शकतो. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांवरून काढता येते. एकदा घरच्या तराजूवर पीठ तोलून पाहिले की पुढे ॲपची गरज उरत नाही. मिसळीचेही तसेच. मटकी फारशी अडचणीची नाही. दोन-तीन पाव आणि शेवटची जिलेबी साखर चढवते. एकादशीच्या साबुदाणा खिचडीने तर अनेकांची साखर भाकरीपेक्षा जास्त चढते. त्याऐवजी ताटाचा फोटो काढून ठेवा आणि दोन तासांनंतरचा आकडा त्याच्याशेजारी लिहा. पंधरा दिवसांत वडील स्वतःच सांगतील की कोणते ताट त्यांना सोसत नाही.

पावले मोजणाऱ्या भागाबाबत एक सावधगिरी. गंगापूर रोडवर राहणारे एक निवृत्त गृहस्थ रोज कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जात, आणि दहा हजार पावले झाली की त्यांचे ॲप अभिनंदन करत असे. अभिनंदनाची साखळी तुटू नये म्हणून ते आठ दिवस नव्या बुटात चालले. तळव्याची संवेदना गेलेली असल्यामुळे अंगठ्याखालचा फोड त्यांना कळला नाही. मला तो मोज्यावरच्या डागावरून दिसला. जखम भरायला तीन महिने लागले. वडील शेतात अनवाणी फिरत असतील तर रोज रात्री आरशात तळवे पाहण्याची आठवण फोनवर लावा. पावलांच्या संख्येपेक्षा ती आठवण मला महत्त्वाची वाटते.

आठवणीचा दुसरा चांगला उपयोग रात्रीच्या इन्सुलिनसाठी. या वयात डोस विसरण्याइतकाच धोका घेतलेला डोस विसरून पुन्हा घेण्याचा असतो. सुई टोचल्यावर लगेच, पेन खाली ठेवण्याआधी, फोनवर ‘घेतले’ अशी खूण करण्याची सवय लागली तर तो धोका बराच टळतो.

पहिल्या दोन आठवड्यांसाठी एवढेच करा. रोज सकाळी उपाशीपोटी एक तपासणी, कारण रात्रीच्या इन्सुलिनचा डोस त्याच आकड्यावर ठरतो. त्याशिवाय दिवसातल्या एका जेवणाआधी आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी अशी जोडी, पहिल्या दिवशी नाश्ता, दुसऱ्या दिवशी दुपार, तिसऱ्या दिवशी रात्र, असे फिरते ठेवून. जोडीशिवायचा सुटा आकडा फारसे काही सांगत नाही. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८०च्या आत हे सामान्य उद्दिष्ट आहे, वडिलांसाठी ते थोडे सैल ठेवायचे का हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. चक्कर, घाम किंवा थरथर जाणवली तर त्याच क्षणी तपासा. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा मीटरमधून येऊ द्या, वडिलांनी फक्त एखादा शब्द बोलून टाकावा: फवारणी, लग्न, उपवास, जागरण. ॲप जमलेच नाही, तर वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. माझ्याकडे सुरगाणा आणि पेठकडून येणारे बरेच रुग्ण तसेच करतात आणि त्यांचे नियंत्रण कमी दर्जाचे नाही. त्या भागात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आणि रक्तक्षय आढळतात, आणि एचबीए१सी ही रक्तातील हिमोग्लोबिनवरूनच मोजतात, त्यामुळे तिथे ती फसवी येऊ शकते आणि मीटरच्या नोंदींचे मोल आणखी वाढते. वडिलांचेही हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या.

८.९ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे २०९. ती कुठल्या वेळी चढते ते या दोन आठवड्यांत दिसेल. नोंदींचे पान, मीटर, इन्सुलिनचे पेन आणि वापरात असलेल्या सुया घेऊन वडिलांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि पोटावरची सुई टोचण्याची जागा हाताने तपासायला सांगा. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी टोचले की तिथे चरबीची गाठ होते, त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी जात नाही, आणि १४ युनिट घेऊनही सकाळची साखर रोज वेगळी येते. गाठ सापडली तर टोचण्याची जागा बदलताना डोस थोडा कमी करावा लागतो, म्हणून हा बदल घरी स्वतःहून करू नका. डॉक्टरांच्या समोर ठरवून करा आणि पुढचे चार दिवस पहाटे तीन वाजता एक तपासणी जास्त ठेवा.